मैनेची उजवी बाजू

मळा, पलूस
१२ एप्रिल

शिवांजलीस,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणते, पत्र निदान फाडण्याआधी उघडेल तरी. फौजेत होतो तेव्हा तिला लिहायचो, घरी आल्यावर ती सवय मोडली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कोयनानगरला राहीमावशीकडे जाऊन तुला महिना होऊन गेला. तिथं बालवाडीत शिकवतेस असं कळलं. बरं केलंस. बारक्या पोरांना लगाम लावावा लागत नाही.

हा टोमणा होता. खोडत नाही, कारण घरात कोरा कागद एवढाच सापडला.

मैनेचं सांगायचं आहे. घोडी अजून तशीच आहे. साध्या चालीत धड चालते आणि मध्येच काय होतं कुणास ठाऊक, अंग चोरून अशी बाजूला उडी मारते की बघणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावं. विहिरीच्या अंगाला तर हमखास. तिथं काय आहे? पाइप आहे, केळी आहेत, तुझ्या आईनं वाळत घातलेली धुणी आहेत. चार वर्षं तिनं हेच बघितलंय. आता तिला त्यात भूत दिसतं.

साताऱ्याच्या मैदानावर मी जे बोललो ते तुला लागलं, हे मला समजतं. संघाच्या निवडीच्या दिवशी तिसऱ्या अडथळ्यापुढे घोडी फिरली, तू पडलीस, उठून परत बसलीस आणि घोडी परत तिथंच फिरली. मी कठड्यावरून खाली आलो आणि म्हणालो, "तुझ्या हातानं सोन्यासारखी घोडी नासवलीस." चार लोक होते, निवडणारे साहेब होते, मी जरा जोरात बोललो असेन. पण मी बघत होतो ना! तुझा उजवा हात सारखा चालला होता. खेच, सोड, खेच, सोड. मी तुला सात वर्षांची असल्यापासून काय शिकवलं? हात असा ठेवायचा की घोड्याला कळूही नये. तुलाही पटलंच असणार, कारण मान खाली घालून तू "व्हय आबा" म्हणालीस.

घोडी मुळात भित्री नाही याचा पुरावा माझ्याकडे आहे. धैर्यशीलची वरात. तू तेव्हा साताऱ्याच्या शिबिरात होतीस आणि फोनवर "आबा, आपली मैना वरातीला देऊ नका" म्हणाली होतीस. मी दिली. सख्ख्या पुतण्याचं लग्न, आणि दारात घोडी असताना नवरा भाड्याच्या घोडीवर बसवायचा? भाऊसोदादानं मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. आणि काय सांगू, तू बघायला हवी होतीस. पुढं डीजेची गाडी, भिंतीएवढे स्पीकर, हिरव्या-तांबड्या लेझरच्या रेघा, फटाके, पोरं तर अंगात आल्यासारखी नाचत होती. मैना दगडासारखी उभी. लगाम माझ्या हातात होता. दादा म्हणाला, "नाथा, घोडी हाय का फौजेतला जवान रं?" माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

तीच घोडी पुढच्या पंधरवड्यात तुझ्याखाली बुजायला लागली. मग दोष कुणाचा, तूच सांग.

खांद्याचं हाड जुळलं का ते आईला कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल.

आबा

*

मळा, पलूस
३ मे

शिवांजली,

तुझं उत्तर नाही. ठीक.

मैना विकायची ठरवली होती. शर्यतीची गाडी पळवणारा एकजण कवठे महांकाळकडून येऊन बघून गेला. त्याला घोडी पसंत पडली. मग तुझी आई मध्ये पडली. तुला तिचा स्वभाव माहीत आहे, वर्षभर गप्प राहील आणि एकदाच असं बोलेल की जेवण घशाखाली उतरू नये. म्हणाली, "आवं, पोरगी घालवलीसा, आता घोडी घालवा. मग मला बी कुठं सोडून या." मी म्हणालो, बिघडलेलं जनावर ठेवून काय करू? तर म्हणते, "बिघडलं का दुखतंय, ते बघितलंसा का?"

तिचं म्हणणं असं की चांगलं शिकलेलं जनावर एकाएकी वाईट वागतं तेव्हा त्याला कुठंतरी ठणकत असतं. गाय लाथ मारायला लागली की ती आधी कास बघते. मी म्हणालो, माझी उभी हयात घोड्यांत गेली, तू मला गाईचं सांगू नकोस. पण तिचं तोंड बंद करायला म्हणून मी तपासायला घेतलं. तेवढ्यासाठीच, दुसरं काही मनात नव्हतं.

पहिल्यांदा खूर. इमामभाईला बोलावून चारी नाल काढायला लावले. त्यानं चिमट्यानं खूर दाबून बघितले, कुठं गरम लागतंय का हात लावून बघितलं. खूर निर्मळ. मग पाठ. मानेपासून शेपटीपर्यंत बोटं दाबत गेलो, कुठं कातडी थरथरली नाही. मग तुझं खोगीर उलटं करून बघितलं, आतली चौकट कुठं मोडली आहे का, गादीत गाठ झाली आहे का. काही नाही. पोटाखालच्या तंगाच्या पट्ट्याखाली जखम नाही. मला आतून बरंच वाटत होतं, हे कबूल करतो. प्रत्येक ठिकाणी काही सापडलं नाही की मी तुझ्या आईकडे बघायचो.

एकच गोष्ट जराशी खटकली. इमामभाई उजव्या मागच्या पायाकडे गेला तेव्हा ती एवढी दचकली की बिचारा कोलमडलाच. तो म्हणाला, "दफेदार, ही मला वळखती की वो. आज असं काय केलं हिनं?" मी म्हणालो, नाटकं आहेत.

तुझी आई म्हणते, तिच्यावरही मैना अशीच दचकते, वैरणीचा भारा घेऊन विहिरीकडून आली की. माझ्यावर मात्र कधीच नाही. मी म्हणालो, तिला माणसाची पारख आहे. तुझ्या आईला हसू आलं नाही.

दातांचं बघायचं राहिलंय. त्याला डॉक्टर लागेल. सांगलीहून एक बाई येतात, त्यांना सांगितलंय. त्यांनी काही नाही म्हटलं की विषय संपला.

तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला आहे.

आबा

*

मळा, पलूस
२० मे

शिवा,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं सुचेल तसं लिहितो.

डॉक्टर परवा आल्या. अफसाना मुल्ला नाव, तुझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मी आधीच सांगून टाकलं की घोडीला काही झालेलं नाही, फक्त दात बघा. त्यांनी दात बघितले. कडा थोड्या धारदार होत्या, त्या घासून दिल्या, पण म्हणाल्या, "काका, एवढ्यानं घोडी अशी बुजणार नाही." मग त्या घोडीपासून लांब जाऊन नुसत्याच बघत उभ्या राहिल्या. मैना मान जराशी उजवीकडे वाकडी धरून उभी होती. म्हणाल्या, "ही अशी कधीपासून उभी राहते?"

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. डाव्या डोळ्यापुढे अलगद हात नेला, वारा लागणार नाही असा. पापणी मिटली. उजव्या डोळ्यापुढे नेला. पापणी हलली नाही. परत नेला. नाही हलली. मग आईचा पंचा घेऊन त्यांनी मैनेचा डावा डोळा बांधला आणि मला म्हणाल्या, चालवा. मी लगाम धरून हाक मारली. आपली मैना, ओढा उडून जाणारी मैना, जागेवरून हलेना. चारी पाय रोवून, नाक फेंदारून उभी. माझ्या हाकेवर एक पाऊल टाकलं आणि समोरच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळली. तुझ्या आईनं पदर तोंडाला लावला.

औषधाचे थेंब घालून, बॅटरीनं त्यांनी डोळ्याच्या आत बघितलं. बाहेरून डोळा आरशासारखा स्वच्छ. आतल्या पडद्यावर भाजल्यासारखा डाग आहे म्हणाल्या, अगदी मधोमध, आणि त्याच्या भोवतीनं सगळं सुकत गेलंय. त्या बाजूनं तिला जवळजवळ काहीच दिसत नाही.

"डोळ्याला मार बसला होता का? ताप वगैरे?"

मी म्हणालो, छे. आणि शिवा, त्यावर मी काय बोललो ते ऐक. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "घोडी लय धीराची हाय हो डॉक्टर. फेब्रुवारीत वरातीला न्हेली हुती. एवढा डीजे, एवढं लेझर, पण तासभर तोंड हलवलं न्हाई तिनं."

त्या बॅटरी पुसत होत्या. थांबल्या.

"काका, लेझरची गाडी कुठल्या बाजूला होती?"

चौकात वळताना गाडी अडकली होती. आमच्या उजव्या हाताला. पोरं नाचत होती, पुढं सरकायला वाट नव्हती, आणि व्हिडिओवाला ओरडत होता की घोडीचं तोंड सरळ धरा, नवऱ्याचा चेहरा येत नाही. मैनेनं मान डावीकडे फिरवली होती. मला आता स्पष्ट आठवतं. दोनदा फिरवली. दोन्ही वेळा मी लगामाला हिसका देऊन ती सरळ केली आणि म्हणालो, "मैना, थांब." आणि ती थांबली. दुसरी कुठलीही घोडी असती तर उधळली असती, नवऱ्याला पाडलं असतं, माझी चारचौघांत शोभा झाली असती आणि तिचा डोळा वाचला असता.

डॉक्टर म्हणाल्या, लेझरमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, दुसरीही कारणं असू शकतात. चांगली बाई आहे. माझा चेहरा बघून म्हणाली असेल. मी विचारलं, औषध? त्यांनी नकारार्थी मान हलवली. डावा डोळा चांगला आहे, त्याला जपा म्हणाल्या.

मला एकच कळेना. मी रोज तिच्याजवळ असतो, माझ्या कसं लक्षात आलं नाही? डॉक्टर गेल्यावर तुझी आईच म्हणाली, "तुमी कवा तिच्या उजव्या अंगाला जाताय?" घोड्याकडे डावीकडून जायचं, डावीकडून खरारा सुरू करायचा, डावीकडून खोगीर टाकायचं, डावीकडून चढायचं, डाव्या बाजूला चालायचं. रंगरूट असताना हे अंगात असं भिनवलं होतं की चूक झाली तर पाठीवर वळ उठायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझे पाय आपोआप डावीकडे वळतात. तिची उजवी बाजू मी या तीन महिन्यांत बघितलीच नव्हती. तुझ्या आईला कुणी घोडा शिकवला नाही, ती आपली विहिरीकडून सरळ येते.

तू खेचत होतीस म्हणून घोडी बिघडली नाही. घोडीला दिसत नव्हतं. तू तिला आंधळ्या बाजूनं तिसऱ्या अडथळ्यावर नेत होतीस आणि तुला ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं.

मी भाऊसोदादाच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर हे सांगून आलो. दादा म्हणाला, "जनावराचं काय एवढं घिऊन बसलास?" धैर्यशील मात्र उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

घोडी विकणार नाही. ती या मळ्यातच म्हातारी होईल.

चुकलो, पोरी.

आबा

*

मळा, पलूस
९ जून

शिवा,

तुझं पत्र आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी चपला न घालताच बांधावर पळालो होतो. आईला वाचून दाखवलं. दोनच ओळी, त्यामुळे पाठच झाल्या. "आबा, चूक माझ्या हाताचीच होती, मला आधी कळायला हवं होतं. तुमी जिवाला लावून घेऊ नका, मैनेला जपा."

तुझी आई म्हणाली, पोरगी समजूतदार आहे. मला मात्र ते वाचून रात्रीचं जेवण गेलं नाही. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी ताट चाटूनपुसून जेवलो असतो. मी एवढं सगळं लिहिलं, डोळ्याचं लिहिलं, लगामाला हिसका दिल्याचं लिहिलं, आणि तरी तू म्हणतेस चूक माझीच. म्हणजे मी त्या दिवशी तुला जे बोललो ते तू अजून खरं मानतेस. राहीमावशीनं फोनवर सांगितलं, तिथं जवळ कुणाचं तरी घोडं आहे, तुला बसतेस का विचारलं तर तू म्हणालीस, माझा हात चांगला नाही. हे ऐकल्यापासून मी आतून मोडून गेलोय.

म्हणून काल मी मैनेवर बसलो. तुझी आई ओरडत होती की या वयात हाडं मोडून घेताय. मी आधी उजव्या बाजूला गेलो, तिच्याशी बोललो, हात लावला. दचकली, पण ऐकलं. मग वर चढलो आणि विहिरीच्या अंगाला नेली.

पोरी, तिकडून चालताना तिचं सगळं अंग डावीकडे कलतं. तिला उजवीकडे नुसता काळोख आहे, आणि त्यातून कधी काय अंगावर येईल या भीतीनं ती प्रत्येक पावलाला श्वास धरते. मला वरून कळत होतं. आणि थोडं पुढं गेल्यावर मी खाली बघितलं तर माझा उजवा हात चालला होता. लगाम जरासा धरायचा, सोडायचा. परत धरायचा, सोडायचा. मी ठरवून करत नव्हतो. हात आपोआप तिला सांगत होता की अगं, या बाजूला मी आहे. आणि तेवढ्यानं ती चालत होती. हात थांबवून बघितला तर लगेच पाय रोवले.

हेच तू करत होतीस. तुला डोळ्याचं कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी तुझ्या हाताला तिची भीती कळली होती. तू तिला दोन अडथळे पार करून नेलीस! एका अंगानं आंधळी घोडी, आणि दोन अडथळे! सगळी हयात घोड्यांत घालवलेल्या माणसाला ते कठड्यावरून दिसलं नाही. उलट चारचौघांत तो तुझ्या हाताला नावं ठेवून मोकळा झाला. असा हात माझ्या बघण्यात फौजेतसुद्धा दोघा-तिघांचाच होता. मी त्यातला नव्हतो.

गेल्या महिन्यात तुला एकवीस पुरी झाली. एकवीसच्या आतल्या गटाची निवड आता तुझ्यासाठी संपली. ते साल मी तुला परत आणून देऊ शकत नाही, जसा मैनेचा डोळा आणून देऊ शकत नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मी बोलत होतो तेव्हा तू ताठ उभी होतीस, हात बाजूला, अगदी परेडला उभी असल्यासारखी. हाड मोडल्याचं संध्याकाळी दवाखान्यात कळलं. म्हणजे मोडकं हाड घेऊन तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि वर "व्हय आबा" म्हणालीस. कळवळली नाहीस, बसली नाहीस, थांबा आबा असंही म्हणाली नाहीस. तुला असं उभं राहायला कुणी शिकवलं? मीच. मैनेला कुणी शिकवलं? मीच. दोघींच्या बाबतीत मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

तर आता ऐक. ते शिकवलेलं मी परत घेतो. यापुढे माझ्यापुढे तसं उभं राहायचं नाही. दुखलं की ओरडायचं. मी चुकीचं बोललो की तिथल्या तिथं तोंडावर सांगायचं, साहेब असो की पाहुणा असो. तुला माझा राग आला नाही असं मला लिहू नकोस, मी विश्वास ठेवणार नाही. राग आलाच पाहिजे. महिनाभर फोन उचलला नाहीस तेव्हा मला वाटलं होतं तुला राग आलाय, आणि आता कळतंय की तुला लाज वाटत होती. ती लाज माझी आहे. ती इकडे पाठवून दे.

मी रविवारी कोयनानगरला येतोय. पहिल्या एस.टी.नं निघेन, घाटात गाडी लागते मला, म्हणून पोचेपर्यंत तोंड उतरलेलं असेल, त्याची दया करू नकोस. राहीमावशीला म्हणावं चहा ठेवू नका. दारात आलो की आधी तू बोलायचंस. जे काय मनात असेल ते, सगळी कॉलनी ऐकेल एवढ्या मोठ्यानं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून ऐकेन. तुझं बोलून झाल्याशिवाय मी आत येणार नाही, आणि तू "व्हय आबा" म्हणालीस तर तसाच परत फिरेन.

तुझा,
आबा